मदत हवी आहे: रीफ टँकचं (कोरल म्हणजे प्रवाळांच्या समुद्री टँकचं) नायट्रेट 100 पीपीएमवरून हलतच नाहीये

खारंपाणी: नमस्कार मंडळी. नायट्रेट 100 वर अडकलंय. पाणी बदलून झालं, फिल्टर धुऊन झाला, बॅक्टेरियाची बाटली ओतून झाली, ढिम्म फरक नाही. हॅमर कोरल आक्रसून बसलंय, झोआ (बटणासारखे छोटे कोरल) तपकिरी पडलेत, मासे मात्र ठणठणीत. प्लीज धीर धरा वगैरे सांगू नका, कोरल डोळ्यांदेखत चाललंय. काय टाकू तेवढं सांगा.

निळीखाडी: टँक किती लिटरचा? मासे कुठले? स्किमर (फेस करून घाण बाहेर काढणारं यंत्र) आहे का? पाणी आरओचं की नळाचं? फॉस्फेट किती? आणि "फिल्टर धुतला" म्हणजे कुठला फिल्टर?

प्रवाळवेडा: व्होडका. साधी 40 टक्क्यांची, फ्लेवर नसलेली. 100 लिटरला रोज 0.1 मिलीपासून सुरुवात करायची आणि हळूहळू वाढवायची. बॅक्टेरिया त्यावर वाढतात, वाढताना नायट्रेट-फॉस्फेट ओढून घेतात, स्किमर त्यांना बाहेर काढतो. माझा टँक यावरच चालतो.

शेवाळशेती: दारू कशाला? सम्पमध्ये (टँकला जोडलेल्या खालच्या टाकीत) किटोमॉर्फा शेवाळाचा गोळा सोडा, रात्री त्याच्यावर लाइट ठेवा, वाढला की अर्धा तोडून फेका. फेकलेल्या शेवाळाबरोबर नायट्रेट कायमचं बाहेर.

प्रवाळवेडा: 100 वर किटो कधी पुरं पडणार? महिने जातील.

शेवाळशेती: जाऊ देत. व्होडका जरा जास्त झाली की पाणी दुधाळ होतं, रात्रीत ऑक्सिजन पडतो आणि सकाळी मासे वर येऊन धापा टाकतात. मी बघितलंय हे. नवीन माणसाला पहिलाच उपाय म्हणून हे सांगणं बरोबर नाही.

हिरवागार: व्हॅलिसनेरिया लावा दादा. माझ्या टँकमध्ये नायट्रेट जवळपास शून्य आहे, खत वरून घालावं लागतं.

निळीखाडी: हिरवागार, टँक समुद्री आहे. गोड्या पाण्यातली झाडं तिथे कुजतील आणि नायट्रेट आणखी वाढेल.

खारंपाणी: सम्प धरून 300 लिटर. टँग, फॉक्सफेस, क्लाउनची जोडी, बाकी लहान. स्किमर आहे, पाणी आरओ-डीआयचं, टीडीएस (विरघळलेले क्षार) 0. धुतला तो कॅनिस्टर (टँकबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर). फॉस्फेट मोजलं नाही, प्रश्न नायट्रेटचा आहे ना?

निळीखाडी: कॅनिस्टर आहे हे आत्ता कळतंय! त्यातल्या स्पंजात उरलेलं खाणं आणि विष्ठा अडकते, तिथेच कुजते, त्याचा अमोनिया होतो आणि शेवटी नायट्रेट. स्पंज आठवड्याला धुणार असाल तरच ठेवा, नाहीतर काढून टाका. फॉस्फेट यासाठी विचारलं की ते शून्य असेल तर बॅक्टेरिया वाढतच नाहीत, मग कितीही व्होडका घाला.

मोजूनमापून: एक मिनिट. 100 हा तुमच्या किटच्या कार्डावरचा शेवटचा रंग आहे का?

खारंपाणी: हो. का?

मोजूनमापून: मग 100 आणि 250 तुम्हाला सारखेच दिसणार. टँकचं पाणी एक भाग, आरओचं चार भाग, असं मिसळून टेस्ट करा आणि आकड्याला 5 ने गुणा. रिएजंटची (टेस्टच्या रसायनाची) बाटली आधी जोरजोरात हलवा, पावडर तळाशी बसते. किट नायट्रेट-नायट्रोजन (नायट्रेटमधला फक्त नायट्रोजन) दाखवत नाहीये ना तेही बघा, तो आकडा 4.4 ने गुणावा लागतो.

एलईडीवाला: लाइट किती तास असतो? निळा चॅनल वाढवला तर झोआचे रंग खुलतात.

खारंपाणी: किट नायट्रेटचंच आहे. मिसळून केलं, 40 आलं. म्हणजे 200???

मोजूनमापून: आता बघा. दर वेळी 20 टक्के पाणी बदललं तर 200 चे 160, मग 128, मग 102. तीन वेळा बदलूनही कार्डावर रंग तोच. पाणी बदलण्याचा फायदा होत होता, फक्त दिसत नव्हता. अर्धं पाणी बदला, तीन वेळात 200 चे 25 होतात, शिवाय मध्ये साठेल ते. क्षारता (विशिष्ट गुरुत्व) 1.025, तापमान आणि अल्कलिनिटी टँकशी जुळवूनच नवीन पाणी घाला, नाहीतर कोरलला त्याचाच धक्का बसेल. दोन बदलांमध्ये काही दिवस जाऊ द्या.

प्रवाळवेडा: ठीक, आधी पाणी बदला. पण 20 च्या खाली आल्यावर तिथे टिकवायला व्होडकाच लागणार.

शेवाळशेती: किंवा किटो. आणि शून्याच्या मागे लागू नका, 5 ते 10 असलं तरी कोरल मजेत असतात. शून्यावर डायनो (चिकट तपकिरी थर करणारे सूक्ष्म जीव) येतात, ते घालवणं जास्त कठीण.

खारंपाणी: अर्धं पाणी बदललं. कॅनिस्टर उघडला तर स्पंजातून काळपट चिखल निघाला, वास घरभर, कायमचा काढून टाकला. मिसळून टेस्ट केली, 20 च्या आसपास आलं, म्हणजे 100. फॉस्फेटचं किटही आणलं, 0.4 दाखवतंय. हे जास्त आहे का? त्यावर काय टाकू?

निळीखाडी: जास्त आहे, 0.1 च्या आत हवं. पण आत्ता काही टाकू नका, पाण्याच्या पुढच्या दोन बदलांत तेही काही प्रमाणात उतरेल. खडकांतून फॉस्फेट परत सुटतं, म्हणून तेव्हा पुन्हा मोजा. खायला फ्रोझन देता का? देताना वितळलेलं पाणी गाळून टाकता की तसंच टँकमध्ये ओतता?