कृत्रिम, सांकेतिक की रचित? गेममधल्या भाषांना मराठीत काय म्हणावं

प्रश्न : मी गेमांविषयी मराठीत लिहितो. इंग्रजीतल्या ‘कॉन्लँग’साठी, म्हणजे कुणीतरी मुद्दाम बसून घडवलेल्या भाषेसाठी, आजवर ‘कृत्रिम भाषा’ लिहीत आलो. पण ‘स्कायरिम’मधली ड्रॅगनांची भाषा आणि ‘द सिम्स’मधल्या माणसांची बडबड, दोन्हींना हाच शब्द लावताना अडखळायला होतं. दुसरा काही शब्द आहे का?

उत्तर : ‘कल्पित भाषा’ म्हणा की. कथा कल्पित, तशी तिच्यातली भाषाही कल्पित.

उत्तर : ‘कल्पित’ मला पटत नाही. कल्पित म्हणजे प्रत्यक्षात नसलेलं. ड्रॅगन नाहीत हे खरं, पण २०११ साली गेमचे डिझायनर एमिल पॅग्लिअरुलो यांनी ‘स्कायरिम’साठी तयार केलेल्या त्या भाषेत आज वाक्य रचता येतं. ‘डोव्हा’ म्हणजे ड्रॅगन, ‘कीन’ म्हणजे जन्मलेला, म्हणून नायक ‘डोव्हाकीन’. ड्रॅगनांची नावं तर थेट समासच असतात. ‘पार्थुरनाक्स’ या एका नावात महत्त्वाकांक्षा, अधिपती आणि क्रौर्य असे तीन शब्द शेजारी शेजारी बसवलेत. ‘फुस रो दाह’ ही आरोळी म्हणजे बल, तोल, ढकल. लिपीसुद्धा पंज्याने दगडावर ओरखडे काढल्यासारखी आहे, कारण लिहिणाऱ्याला बोटं नाहीत, नखं आहेत. इतका विचार केलेल्या गोष्टीला कल्पित म्हणून उडवून लावू नये असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही अडखळता ते योग्यच आहे. एका नावाखाली आपण फार वेगळ्या गोष्टी कोंबतोय. ‘फायनल फँटसी १०’ (२००१) मधली ‘अल भेड’ घ्या. इंग्रजी आवृत्तीत ती म्हणजे अक्षरं बदललेली इंग्रजी. स्वराच्या जागी स्वर आणि व्यंजनाच्या जागी व्यंजन ठेवल्यामुळे ती उच्चारता येते, एवढंच. खेळताना २६ पुस्तिका सापडतात आणि प्रत्येकीने एकेक अक्षर उलगडतं. व्याकरण इंग्रजीचंच. हे ‘सांकेतिक’ झालं आणि त्यासाठी नवा शब्द शोधायची गरजच नाही. ‘च’च्या भाषेत मराठीचं ‘चराठीम’ होतं म्हणून ती वेगळी भाषा ठरत नाही. महानुभावांनी ग्रंथ ‘सकळ’ या सांकेतिक लिपीत लिहिले, तरी आतली भाषा मराठीच होती. ‘ट्युनिक’ (२०२२) मधल्या खुणाही तशाच: आत इंग्रजी, वर वेगळी लिपी. पण ती लिपी सुंदर आहे. चिन्हाच्या बाहेरच्या रेघा स्वर दाखवतात, आतल्या व्यंजन, आणि खाली छोटं वर्तुळ असलं तर स्वर आधी वाचायचा. बाराखडीवर वाढलेल्या माणसाने ती एकदा जरूर सोडवून पाहावी.

‘सिम्स’ (२०००) ची गोष्ट निराळी. स्टीफन कियरिन आणि जेरी लॉलर या उत्स्फूर्त अभिनय करणाऱ्या कलाकारांच्या तोंडून ती घडली. खऱ्या भाषेतली तीच तीच वाक्यं शंभरदा ऐकून कंटाळा येतो, म्हणून अर्थ काढून टाकला आणि सूर ठेवला. ‘सुल सुल’ म्हणजे नमस्कार, ‘नूबू’ म्हणजे बाळ, असे ठरलेले शब्द मोजकेच. बडबडगीत हा शब्द आपल्याकडे आहेच, त्यावरून हिला ‘बडबडबोली’ म्हणता येईल.

प्रश्नकर्ता : बडबडबोली आवडली. पण ड्रॅगनांच्या भाषेला मग काय म्हणायचं? ‘निर्मित भाषा’?

उत्तर : मी ‘रचित भाषा’ म्हणेन. ‘निर्मित’ला चित्रपटाच्या श्रेयनामावलीचा वास येतो. ‘कृत्रिम’ म्हटलं की दात, फुलं, पाऊस. एस्पेरांतोला, म्हणजे जगभरच्या लोकांना आपसात बोलता यावं म्हणून घडवलेल्या भाषेला, कृत्रिम म्हणायची सवय जुनी आहे हे खरं, पण त्या शब्दात खोटेपणाची छटा शिरलीय. रचना मात्र आपण संतांच्या अभंगांबद्दल बोलतो आणि ‘स्वरचित’ तर शाळेतल्या मुलालाही कळतं.

‘फार क्राय प्रायमल’ (२०१६) पाहिलात तर ‘कृत्रिम’ किती अपुरा आहे ते दिसेल. केंटकी विद्यापीठातले अँड्र्यू आणि ब्रेना बर्ड या भाषाअभ्यासकांनी त्यातल्या वेंजा, इझिला वगैरे भाषा आद्य इंडो-युरोपीय भाषेच्या आधारे रचल्या. म्हणजे मराठी ज्या मुळावर उभी आहे त्याच मुळावर. इझिला बोलणाऱ्या टोळीची सूर्यदेवी ‘सुख्ली’ आणि चंद्रदेवी ‘मेन्सी’. यांच्या मागचे धातू आपल्या ‘सूर्य’ आणि ‘मास’ या शब्दांच्या मागे आहेत. आद्य भाषा अभ्यासकांनी नंतरच्या भाषांवरून अनुमानाने उभी केली, म्हणून तिला ‘पुनर्रचित’ म्हणतातच, तिच्यावरून घडवलेली ती ‘रचित’. जोडीही जमते.

बैठ्या खेळांमध्ये ही परंपरा आणखी जुनी. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ सालचा. पुढच्याच वर्षी ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ आला. तो रचणारे एम. ए. आर. बार्कर मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाचे अभ्यासक होते, उर्दूची पाठ्यपुस्तकं लिहिणारे. त्यांच्या त्सोल्यानी भाषेत समोरच्याच्या दर्जानुसार ‘तू’ची कितीतरी रूपं आहेत. तू, तुम्ही, आपण यांतून रोज निवड करणाऱ्या आपल्याला हे लगेच जवळचं वाटतं. (याच बार्करांनी टोपणनावाने नाझीधार्जिणी कादंबरी लिहिली होती, हे २०२२ मध्ये त्यांचा वारसा सांभाळणाऱ्या संस्थेनेच मान्य केलं. त्यांच्यावर लिहाल तेव्हा तेही लिहा.)

आणखी एक मत : ‘सांकेतिक’ फक्त लिपीला ठेवू नका. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये चोरांची गुप्त बोली आहे. साध्या बोलण्यात दडवून निरोप द्यायचा. २०१४ च्या नियमपुस्तकाप्रमाणे त्याला चौपट वेळ लागतो. ती ‘सांकेतिक बोली’ म्हणावी.

उत्तर : मान्य. एका ठिकाणी मात्र मी अजून अडलोय. ‘चँट्स ऑफ सेनार’ (२०२३) मध्ये मनोऱ्यातल्या पाच समाजांच्या पाच भाषा आहेत. भाविकांच्या भाषेत चिन्ह दोनदा काढलं की अनेकवचन होतं, दुसऱ्या एका भाषेत वाक्याची सुरुवात कर्माने होते. म्हणजे व्याकरण स्वतःचं, तेव्हा ‘रचित’ नक्की. पण आपल्याला शिकायची असतात ती फक्त चिन्हं आणि त्यांचे अर्थ; उच्चार शिकायचाच नसतो. ‘चिन्हभाषा’ लिहिलं तर वाचक ती मूकबधिरांची खुणांची भाषा समजेल, ‘चित्रलिपी’ लिहिलं तर व्याकरण निसटतं. सध्या मी ‘रचित लेखी भाषा’ लिहितो. कुणाला याहून नेटका शब्द सुचला तर सांगा.