मदत हवी आहे: सिस्टिम्स थिअरीचा अभ्यास एकट्याने कसा करावा?

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत बीएस्सी गणिताच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेज लहान, सिस्टिम्स थिअरी (एकमेकांवर परिणाम करणारे भाग मिळून एक व्यवस्था कशी वागते, याचा अभ्यास) अभ्यासक्रमात कुठेच नाही. या विषयाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, बर्टालान्फी, वाचायला घेतला. पटतो, पण हाताला गणित फारसं लागत नाही. उलट एमआयटीच्या जे फॉरेस्टर यांनी १९५०च्या दशकात मांडलेलं सिस्टिम डायनॅमिक्स लगेच भावलं: साठा, आवक, जावक आणि फीडबॅक.

म्हणून प्रोजेक्टला इथल्या मिरकरवाडा मासेमारी बंदराचा बांगडा घेतलाय. समुद्रातला मासा हा साठा, पैदास ही आवक, मासेमारी ही जावक. मासळी घटली की भाव चढतो, भाव चढला की जास्त बोटी उतरतात, साठा आणखी घटतो. १ जूनपासूनची पावसाळी मासेमारी बंदी हे चक्र तोडते की नुसतं पुढे ढकलते, ते समीकरणांत दाखवायचंय. (आई म्हणते, त्यापेक्षा बाजारात जाऊन दोन बांगडे आण.)

अडलंय इथे: पिल्लं मोठी व्हायला लागणारा वेळ विलंब म्हणून घातला की मॉडेल हेलकावे खातं. टाइम स्टेप (आकडेमोडीतला वेळेचा टप्पा) अर्धी केली तरी तेच, म्हणजे आकडेमोडीचा दोष नसावा. विलंब असलेल्या समीकरणाची स्थिरता हाताने कशी तपासतात? त्यासाठी आधी लिनिअर अल्जिब्रा पक्की करून स्टेट स्पेसकडे (व्यवस्थेची स्थिती सदिश आणि मॅट्रिक्समध्ये मांडायची पद्धत) जाऊ का?

आणि आयआयटी मुंबईत सिस्टिम्स अँड कंट्रोल शिकलेलं कोणी आहे का इथे? निव्वळ गणितवाल्याला तिथे प्रवेश मिळतो का, तेवढं सांगा.