‘ड्वेल’ आणि उगाळणं

‘ड्वेल’ (dwell) हे इंग्रजी क्रियापद फक्त कवितेत शोभतं, बोलताना वापरू नये, असं काही जण म्हणतात. ‘राहणे’ या अर्थी मान्य. ‘आय ड्वेल इन ठाणे’ खटकतंच, तिथे ‘लिव्ह’च हवं. पण पुढे ‘ऑन’ आलं की हेच क्रियापद रोजच्या बोलण्यातलं होतं. लेकीचा गणिताचा पेपर अवघड गेला, तेव्हा तिच्या बाईंनी वहीत लिहिलं होतं, ‘डोन्ट ड्वेल ऑन इट’. म्हणजे आपलं ‘तेच तेच उगाळत बसू नकोस’. किती नेमकं!

जुन्या इंग्रजीत याचा अर्थ भरकटवणे, अडवून ठेवणे असा होता. त्यातून रेंगाळणे आणि मग वस्ती करणे. रेंगाळण्याची ती छटा रेल्वेच्या भाषेत अजून आहे: गाडी फलाटावर थांबते तेवढा वेळ म्हणजे ‘ड्वेल टाइम’.