हाँगकाँग वसाहत असताना जीएसपीचा निर्यातीला खरंच फायदा झाला का?

आकडेमोड:
१९६८ ला दिल्लीच्या अंकटाड (संयुक्त राष्ट्रांची व्यापार आणि विकास संस्था) परिषदेत ठरलं की श्रीमंत देशांनी विकसनशील देशांच्या पक्क्या मालावरची आयात ड्युटी कमी करायची किंवा माफच करायची आणि बदल्यात काही मागायचं नाही, हीच जीएसपी (जनरलाइज्ड सिस्टिम ऑफ प्रेफरन्सेस). पण हाँगकाँग तर ब्रिटनची वसाहत, मग त्याला यात घेतलं का? आणि घेतलं तर निर्यात त्यामुळे वाढली असं म्हणता येईल का?

बंदरवाला:
घेतलं, पण अर्धवट. कोणाला आणि कुठल्या मालावर सवलत द्यायची हे शेवटी देणाऱ्याच्या हातात. युरोपियन कम्युनिटीची (आजच्या युरोपियन युनियनची आधीची) स्कीम जुलै १९७१ ला सुरू झाली तेव्हा हाँगकाँगचं कापड आणि बूट-चपला वगळल्या, अमेरिकेने १९७६ पासून सवलत दिली पण कोटा करारातले कपडे आणि घड्याळं सगळ्यांसाठीच बाहेर ठेवली. म्हणजे ज्या मालावर त्यांचे कारखाने चालत होते तोच यादीत नाही! मला हा सरळ अन्याय वाटतो.

सुमेधा_के:
अन्याय मान्य, पण किती मिळालं एवढंच बघू नका, मिळालं नसतं तर काय झालं असतं तेही बघा. समजा दक्षिण कोरियाची खेळणी शून्य ड्युटीने आत जातायत आणि तुमच्या तशाच खेळण्यांवर १०% लागतेय, तर खरेदीदार दुसऱ्याच दिवशी ऑर्डर तिकडे वळवणार, मार्जिन असतंच किती त्या धंद्यात. त्यात १९३२ च्या ओटावा करारापासून ब्रिटनच्या बाजारात कॉमनवेल्थ म्हणून कमी ड्युटीचा जो फायदा होता तो १९७३ ला ब्रिटन युरोपात गेल्यावर हळूहळू संपला, आणि युरोपने सवलती दिलेला १९७५ चा लोमे करार आफ्रिका, कॅरिबियन, पॅसिफिकवाल्यांसाठी, त्यात हाँगकाँग नाहीच. मग उरलं काय, जीएसपीच ना. आणि वसाहतीच्या वतीने बोलायला लंडन, ज्याला स्वतःच्या लँकेशायरच्या कापड गिरण्याही सांभाळायच्या होत्या.

जुना_मुनीम:
लँकेशायरचं बरोबर, १९५९ लाच हाँगकाँगला ब्रिटनला जाणाऱ्या सुती मालावर 'स्वेच्छेने' मर्यादा घालून घ्यावी लागली होती. १९७४ पासून मल्टी फायबर अरेंजमेंट (कापड-कपड्यांच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) आली, त्यात कोटा ठरलेला, त्यामुळे कपड्यांत ड्युटी माफ झाली असती तरी कोट्यापलीकडे एक शर्टही जास्त गेला नसता.
दुसरं, ओरिजिनचे नियम, म्हणजे माल कुठल्या देशाचा धरायचा ते. अमेरिकेत ३५% व्हॅल्यू स्थानिक लागायची, बाहेरून पार्ट आणून नुसते जोडणाऱ्याला ते जड जायचं. आणि एखादा माल फार खपला की कॉम्पिटिटिव्ह नीड लिमिट (सवलतीत येणाऱ्या मालाची कमाल मर्यादा) लावून त्याच मालाची सवलत काढायचे.
जानेवारी १९८९ ला अमेरिकेने हाँगकाँग, सिंगापूर, तैवान, कोरिया चौघांनाही जीएसपीतून बाहेर काढलं. पण तोवर कारखाने शेजारच्या चीनमधल्या ग्वांगडोंगला सरकायला लागले होते, तिथे बनलेला माल हाँगकाँगचा धरलाच जात नाही. त्यामुळे ८९ नंतर स्थानिक निर्यात घसरलेली दिसली तर सगळं खापर जीएसपीवर फोडू नका, आधी स्थानिक निर्यात आणि री-एक्स्पोर्ट (बाहेरून आणून पुढे पाठवलेला माल) वेगळे काढा आणि मग सवलतीतला माल नि बिगरसवलतीतला माल असे दोन गट करून बघा.