मदत हवी आहे: चिखल्याला तुमच्याकडे काय म्हणतात?

मंडळी, गुहागरच्या पुळणीवर हिवाळ्यात चिखल्यांचे थवे उतरतात. लाट सरली की तुरुतुरु धावायचं, टक्कन थांबायचं, ओल्या वाळूत चोच मारायची, पुन्हा धावायचं. पूर्वी मीही मागोमाग जायचो. आता गुडघे सुरूच्या सावलीतच बसवतात. त्यावर अष्टाक्षरी लिहितोय:

आले पुन्हा हे पाहुणे
मीच थोडा मागे आता

पुढे गाडी अडलीय. 'चिखल्या' काही केल्या कवितेत बसेना. वाळूवरच्या एवढ्या देखण्या पाखराला चिखल कशाला? तुमच्याकडचे जुने खारवी, गाबीत मच्छीमार याला काय म्हणतात? पुस्तकी नाव नको. फोटो मागू नका, मोतीबिंदू आहे, सगळे धुरकटच येतात! पाखरं उत्तरेला परतायच्या आत कळवा.