'बेंचवर असणे' याला मराठीत काय म्हणायचं?

आयटीतल्यांना माहितीये, एक प्रोजेक्ट संपला की दुसरा मिळेपर्यंत माणूस बेंचवर, पगार चालू पण क्लायंटला बिल नाही. आईला म्हटलं सध्या बाकावर बसवलंय, तर म्हणते शिक्षा कसली झाली? (शाळेत बाकावर उभं करायचे ना.) जुना काही शब्द आहे का? 'राखीव' नको, लोक लगेच आरक्षणात शिरतात.

– बदली! गिरणीतला शब्द. आजोबा परळला साचेखात्यात (विणकामाच्या खात्यात) होते, ते सुरुवातीला बदलीच होते. सकाळी गेटवर उभं राहायचं, कोणी खाडा केला तर त्याच्या जागी आत. कोणाला घ्यायचं ते जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या हातात, मग त्याला चिरीमिरी आलीच. 1935 ला मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघाने बदली नियंत्रण योजना आणली, महिन्याच्या सुरुवातीला ठरलेल्या लोकांना कार्ड द्यायचे.

– पण बदलीवाल्याला काम नाही तर पैसे नाहीत, तसाच खोलीवर परत. बेंचवाल्याचं रिकामं बसणं कंपनी सोसते (दोनतीन महिने, मग एचआरचा फोन येतो ते सोडा). सगळा फरक तिथेच आहे.

– मी बारगीर म्हणेन, शिवाजी महाराजांच्या घोडदळातला. त्याचा घोडा सरकारी पागेतला, 25 बारगिरांवर एक हवालदार. शिलेदाराचा घोडा नि हत्यार स्वतःचं, म्हणजे तो फ्रीलान्सर, त्यातला लान्स पण भालाच की. आणि कंपनीचा लॅपटॉप हाच सरकारी घोडा, राजीनामा दिला की पागेत जमा.

– भारी, पण बारगीर हा माणसाचा प्रकार झाला, इथे त्याची मधली अवस्था विचारलीये. सरकारीत प्रतिनियुक्ती (काही काळ दुसऱ्या खात्यात पाठवणं) असते पण तिथे मूळ पदावर धारणाधिकार (हक्क) राहतो, परत जायला खुर्ची असते. आयटीवाल्याला परत जायला खुर्ची नाही, बेंचच.

– आणि एकच माणूस दोन प्रोजेक्टमध्ये पन्नास-पन्नास टक्के वाटला तर? आमच्या टेस्टिंगवाल्या मुलीचं तेच चाललंय, कागदावर अर्धी-अर्धी, दोन्ही मॅनेजरना पूर्ण पाहिजे. सावड म्हणावं तर सावडीत आज तुझ्या रानात उद्या माझ्या, एकाच दिवशी दोन्हीकडे नाही जुंपत.

– मूळ प्रश्नवाला मीच. सगळ्यांचे आभार, आईला सांगितलं, "बदली आहे, पण भरपगारी." तर लगेच विचारते, कुठल्या गावाला?