कारवानी कुत्रीच्या गळ्यात कोन टिकत नाही, आणि टिकला की ती हलत नाही

तासगावची_वहिनी

नमस्कार मंडळी. आमची हरणी कारवानी जातीची, म्हणजे लांब तोंडाची, सडपातळ शिकारी कुत्री आहे, वय तीन वर्षं. आमच्याकडं सध्या उसाला तोड लागलीय. फड संपत आला की शेवटच्या सऱ्यांतनं ससे बाहेर पडतात, आणि ससा दिसला की हरणी कुणाचं ऐकत नाही. तशीच सुटली आणि शेजारच्या द्राक्षबागेच्या काटेरी तारेतनं आरपार गेली. मागच्या उजव्या मांडीची कातडी वीतभर फाटली. या जातीची कातडी किती पातळ असते ते पाळणाऱ्यांना ठाऊक आहे. डॉक्टरांनी भूल देऊन टाके घातले आणि ते चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कोन चढवून घरी पाठवलं.

जखम तशी बरी दिसतेय. पेच कोनाचा आहे. हरणीचं डोकं मानेएवढंच, निमुळतं. पुढच्या पायानं एक ओढ दिली की कोन डोक्यावरनं निघून येतो. पट्टा आवळला की ठसकते. आणि नीट बसलाच तर ती जिथं उभी आहे तिथंच उभी राहते. मान खाली, शेपूट पोटाखाली, हाक मारली तरी डोळे फिरवत नाही. उंबऱ्याला कड अडकली की मागं सरते आणि मग त्या दाराकडं येतच नाही. पाणी प्यायला वाकली की प्लास्टिक शहाबादी फरशीवर खरवडतं, त्या आवाजाला दचकून पाणी सोडते. रात्री लघवीला नेलं तर हुंगायला नाक जमिनीला पोचत नाही, म्हणून करत नाही. सकाळपर्यंत दाबून धरते.

सासूबाई म्हणतात, काढून टाक ते, मुकं जनावर चाटूनच जखम बरी करतं. पण कोन काढला की जीभ थेट टाक्यांवर. एक टाका मला ढिला वाटायला लागलाय. लांब तोंडाच्या कुत्र्याला कुणी कोन वापरला असेल तर सांगा. तो टिकवायचा कसा, आणि उंबरा, पाणी, लघवी यांचं काय करायचं?

बांधावरचा_गडी

वहिनी, कोन काढू नका. आमच्याकडं जतच्या बाजूला घरटी एक तरी कारवानी असते, माझ्या घरात वडिलांपासून आहेत. तारेत फाटणं हे यांचं ठरलेलं दुखणं. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, कोळपताना बैलाला मुसकं घालतो ते त्याच्यावर राग धरून नाही, तसंच हे. चाटणं जिभेवर थांबत नाही. थोड्या वेळानं पुढचे दात लागतात आणि दातांनी टाका उपसायला मिनिट पुरतं.

आधी माप बघा. दुकानात कोन मानेच्या घेरावर देतात. साध्या कुत्र्याला ते चालतं. कारवानीची मान बारीक आणि तोंड लांब, त्यामुळं मानेला बसणारा कोन तोंडाला अपुरा पडतो आणि नाक बाहेर राहतं. गळपट्ट्यापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत टेप धरा. कोनाची खोली त्याहून दोन बोटं जास्त हवी. म्हणजे मोठा कोन घ्यायचा आणि गळ्याकडं प्लास्टिक एकावर एक जास्त चढवून घेर कमी करायचा. पारदर्शक मिळाला तर तोच घ्या. ही जात नाकापेक्षा डोळ्यांवर चालते, दोन्ही बाजूंनी पांढरी भिंत आली की बावचळणारच.

निसटू नये म्हणून आवळायचं नाही. गळा आणि कोन यांच्यात दोन बोटं सहज गेली पाहिजेत. कोन अडकवायचा गळ्याला नाही, छातीला. हिला छातीपट्टा घाला, तोच हार्नेस. कोनाच्या गळ्याकडच्या खाचांतनं गॉजची पट्टी ओवा आणि दोन्ही खांद्यांवर छातीपट्ट्याला बांधा. मग पायानं कितीही ओढलं तरी ओढ छातीवर जाते, कोन पुढं सरकत नाही. छातीपट्टा नसेल तर जुनी सुती ओढणी चालते. मानेवरनं आणून छातीवर फुली करायची, पुढच्या पायांमागनं नेऊन पाठीवर गाठ. गळ्याला टेकणाऱ्या कडेवर कापडाची घडी शिवून टाका. यांच्या मानेवर दाट केस नाहीत, कड घासून दोन दिवसांत लाल होते. रोज संध्याकाळी कोन वर सरकवून मान बघायची.

आता उभी राहते त्याचं. दोरी ओढू नका. ओढलं की तिला वाटतं गळ्यातलं हे आपल्याला धरतंय, आणि ती आणखी ताठ होते. दोन पावलं पुढं उकिडवं बसा, हातात उकडलेल्या अंड्याचा तुकडा. मान वळवली की द्या. पाऊल टाकलं की द्या. आमच्या वाघ्याला मी एक शब्द शिकवला होता, 'वर'. उंबऱ्याशी आलो की कोनाच्या खालच्या कडेला माझा पंजा लावायचो, अलगद उचलायचो, 'वर' म्हणायचो, आणि पलीकडं गेल्यावर अंडं. पुढं पुढं हात लागेना, नुसत्या शब्दावर तो हनुवटी आभाळाकडं करून उंबरा ओलांडायचा. पायरीलाही तेच.

लघवीला सपाट जागेवर नेऊ नका. बांधाला न्या आणि तोंड चढाकडं करून उभी करा. चढावर माती समोर येते, मान फार वाकवावी लागत नाही, नाकाला वास मिळतो. वास मिळाला की पुढचं ती बघते. छातीपट्ट्याला दोरी लावूनच न्या, मोकळी अजिबात सोडू नका. कोन घालून ही पळाली आणि खांबाला अडकली तर मानेला मार बसेल.

पाण्याचं भांडं कोनाच्या तोंडापेक्षा लहान पाहिजे. पाटावर उपडा टोप, त्यावर वाडगा. कोन वाडग्याच्या भोवतीनं खाली उतरतो, फरशीला लागतच नाही. खाली पोतं अंथरा म्हणजे आवाजही गेला.

कोथरूडची_मावशी

आमच्या गावठी छोकरीच्या नसबंदीनंतर मी कोन दिलाच नाही. मुलाचा जुना टी-शर्ट घातला, कमरेशी रबरबँडनं गाठ मारली. पोटावरचे टाके झाकले गेले आणि ती घरभर मजेत हिंडत होती. सासूबाईंनाही बघवेल. करून बघा.

सिडनीत_राहणारी

वहिनी, तुम्हाला बघवत नाही हे अगदी खरं आहे आणि त्यात तुम्ही एकट्या नाही. इथल्या सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 साली कुत्री-मांजरं पाळणाऱ्या 434 जणांची पाहणी छापली. कोन असताना प्राण्याचं जगणं खालावलं असं 77 टक्के लोकांनी सांगितलं होतं. म्हणून तिच्या त्रासाकडं 'सवय होईल' म्हणून बघू नका, बांधावरच्या दादांनी सांगितलं तसं एकेक अडचण सोडवा. माझं एकच सांगणं: मागून किंवा बाजूनं हात लावू नका, मुलांनाही सांगा. कोनातून बाजूचं दिसत नाही, आणि आवाज कुठून आला तेही नीट कळत नाही. समोरून या, आधी नाव घ्या, मग हात. घरात दुसरं कुत्रं असेल तर तेही कोनाला बिचकतं, थोडे दिवस वेगळं ठेवा.

पशुवैद्य_सोलापूर

मावशींचा टी-शर्ट पोटाच्या टाक्यांना चांगला, मीही सुचवतो. पण हिचे टाके मांडीवर आहेत, तिथं टी-शर्ट पोचत नाही. गळ्यात घालायची हवेची गोल उशी मिळते, तीही नको. एवढ्या लांब मानेचं कुत्रं उशी असताना मांडीपर्यंत सहज वळतं.

वहिनी, ढिला टाका आजच तुमच्या डॉक्टरांना दाखवा, उद्यावर टाकू नका. कातडीच्या कडा एकमेकींना धरून असतील तर बहुधा काही करावं लागत नाही, पण ते डोळ्यांनी बघूनच ठरतं. जखमेला वास, पू, वाढती सूज, हात लावल्यावर जास्त ऊब, किंवा ती खायचं थांबली, यातलं काहीही दिसलं की थेट दवाखाना. दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, कुत्र्याला ती विषारी ठरतात. हळद-तेलाचा लेपही नको. तेलावर धूळ बसते आणि टाक्यांची रेघ दिसेनाशी होते.

एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. कोन घातलेल्या कुत्र्याला स्वतःच्या अंगावरची माशी हाकलता येत नाही. गोठा जवळ असतो, माशी जखमेवर अंडी घालते आणि बघता बघता आळ्या पडतात. दिवसा तिला मच्छरदाणीत किंवा जाळी लावलेल्या खोलीत ठेवा. जखम कोरडी ठेवा, सकाळ-संध्याकाळ उजेडात नीट बघा. कोन आतून रोज साबणाच्या पाण्यानं धुवून, पुसून मगच परत घाला, कारण अन्न चिकटून राहिलं की माशा तिथंही येतात. ऊन वाढतंय, तेव्हा दुपारी सावलीत आणि वाऱ्यात ठेवा, धाप लागलेली दिसली तर आधी पाणी द्या.

जेवताना कोन काढायचा असेल तर तुम्ही शेजारी बसून. ताटली उचलली की कोन परत. फोन आला म्हणून उठायचं नाही.

तासगावची_वहिनी

सगळ्यांचे मनापासून आभार. टाका दाखवून आले. कडा जुळलेल्या आहेत, नवा घालावा लागला नाही. मिरजेहून मोठा, पारदर्शक कोन आणला. छातीपट्ट्याला गॉजनं बांधला, अजून तरी निघालेला नाही. गळ्याच्या कडेला सासूबाईंनी स्वतः जुन्या लुगड्याची पट्टी शिवून दिली. आळ्यांचं वाचून दाखवल्यावर 'काढ' म्हणणं त्यांनी सोडलं. त्यांच्या माहेरच्या म्हशीच्या खुरात पडलेल्या त्यांनी बघितल्यात.

पाण्याचं जमलं. टोपावर वाडगा ठेवल्यावर तिनं आधी कोनाची कड वाडग्याला दोनदा टेकवून बघितली, मग मान सरळ खाली घातली आणि वाडगा चाटून कोरडा केला. बांधावरची युक्ती पहिल्या रात्री चालली नाही, नुसती उभी राहिली. दुसऱ्या रात्री दुसऱ्या कुत्र्यांची ये-जा असते त्या चढाला नेलं, तिथं केली. उंबऱ्याला मात्र अजून अडते. 'वर' म्हटलं की अंड्याकडं बघते, मान उचलत नाही. आणि डॉक्टर, टाके काढले की त्याच दिवशी कोन काढला तर चालेल ना?

बांधावरचा_गडी

अंडं तिच्या नाकासमोर धरताय का? तिथं धरलं की मान खालीच राहणार. कोनाच्या वरच्या कडेच्याही वर धरा, ते बघायला हनुवटी आपोआप उचलेल. उचलली त्याच क्षणी 'वर' म्हणा आणि द्या. आधी अंगणात करा, उंबऱ्याशी नंतर.

पशुवैद्य_सोलापूर

टाके साधारण 10 ते 14 दिवसांनी निघतात. मांडीची कातडी चालताना ताणली जाते, म्हणून डॉक्टर 14 म्हणाले तर घाई करू नका. काढल्यावरही आणखी एखादा दिवस कोन राहू द्या. टाक्यांच्या भोकांना खाज सुटते आणि तेव्हाच कुत्री जोरात चाटतात. मग आधी तुम्ही समोर असताना तासभर काढून बघा. जखमेकडं वळली नाही तर कायमचा काढा.